चामडं टिकलं, दोरा गेला: उष्णतेत टिकणारी शिलाई शिकणाऱ्यांसाठी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी मी पहिल्यांदा चामड्याची एप्रन शिवली, तेव्हा गाड्यांच्या सीट कव्हरला वापरतो तोच बॉन्डेड, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवून गुळगुळीत केलेला, नायलॉनचा दोरा घातला होता. दोन हातांत धरून ओढला तर बोटं कापतील, पण दोरा तुटणार नाही, असा तो दोरा. तीन आठवड्यांत दोन एप्रन परत आली. चामडं जसंच्या तसं होतं. छातीवरची पट्टी मात्र एका बाजूने लोंबत होती आणि टाक्यांच्या जागी मोहरीएवढे काळे मणी उरले होते. दोरा तुटला नव्हता, वितळला होता.

मजबूत दोरा आणि उष्णता सोसणारा दोरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही कपड्यांची, बॅगांची किंवा रेक्झिनची शिलाई जाणता आणि आता वेल्डिंगचे हँडग्लोव्हज, एप्रन, लेग गार्ड, भट्टीसमोरचे पडदे असलं काम घ्यायचं म्हणताय, असं धरून हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. उंचीवर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट, वजन उचलायच्या स्लिंग, अग्निशमन दलाचे सूट यांना हात लावू नका. त्या वस्तूंची शिलाई चाचणी करून, प्रमाणपत्र घेऊनच वापरात येते. दुरुस्तीसुद्धा नको.

आधी विचारा, ऊब कुठून येणार?

गिऱ्हाईक म्हणतं, "हीटप्रूफ पाहिजे." एवढ्यावर दोरा घेता येत नाही. ठिणग्या उडून पडणार आहेत, की गरम वस्तू हातात धरायची आहे? भट्टीची धग दिवसभर लांबून लागणार आहे, की वस्तू नुसती उन्हात राहणार आहे? प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. बिडाचा रस ओततात तेव्हा तो 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. इतकं तापमान सोसणारा शिलाईचा मऊ दोरा नेहमीच्या बाजारात मिळत नाही. पण थेंब लहान असतो, क्षणभर टेकतो आणि घरंगळतो. तेवढ्यात जो दोरा वितळत नाही तो वाचतो. सतत लागणारी धग याच्या उलट. तिथे तापमान दोनशेच असेल, पण ते तासन् तास असतं आणि दोरा हळूहळू आतून मरतो. बाहेरून काही दिसत नाही.

कोणता दोरा कुठवर जातो

पॉलिप्रॉपिलीन सर्वांत आधी जातं, 165 अंशांच्या आसपास. पोत्याच्या शिलाईचा दोरा बरेचदा याचाच असतो, त्याला या कामात जागा नाही. नायलॉन 6 साधारण 220 अंशांना वितळतो, नायलॉन 6,6 आणि पॉलिएस्टर 250 ते 260 च्या दरम्यान. वितळायच्या बऱ्याच आधी हे मऊ पडतात आणि ताकद सोडतात, म्हणून वितळणबिंदूला "इथपर्यंत चालेल" असं समजू नका. सुती दोरा वितळत नाही, पण पेट घेतो आणि कोळसा होतो.

यापुढचं घराणं अरॅमिडचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम तंतूंचं. त्यात दोन भाऊ. मेटा-अरॅमिड, म्हणजे नोमेक्ससारखा, पांढुरका, मऊ, थोडा ताण घेणारा. शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्यांचे सूट यातले. दुसरा पॅरा-अरॅमिड, म्हणजे केव्हलार आणि ट्वॅरॉन. पिवळाधमक, ताणला तर जेमतेम तीन-चार टक्के लांबणारा आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षा पाचपट मजबूत. दोघेही वितळत नाहीत. केव्हलार हवेत साधारण 430 ते 480 अंशांच्या दरम्यान विघटित होतो, म्हणजे थेंब न होता करपून कोळसा होतो. मण्यांचा प्रश्नच मिटला.

पण "चारशे अंश सोसतो" असं गिऱ्हाइकाला सांगून मोकळं होऊ नका. तो आकडा दोरा संपतो त्या ठिकाणचा आहे. 160 अंशांत पाचशे तास राहिला तर केव्हलारची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. 260 अंशांत सत्तर तासांतच ती निम्म्यावर येते. भट्टीच्या दारापाशी कायम टांगलेल्या पडद्याला म्हणूनच साधा केव्हलार पुरत नाही. तिथे आत स्टीलची तार घातलेला अरॅमिड दोरा, काचतंतूचा दोरा किंवा सरळ स्टेनलेस स्टीलचा दोरा लागतो. ते शिवणं नवख्याचं काम नाही. काचतंतू तर सुईच्या नेढ्यात कुसळासारखे तुटतात आणि हाताला खाज सुटते.

जाता जाता एक गोष्ट. केव्हलार शोधला ड्यूपॉन्ट कंपनीतल्या स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी, 1965 साली. शोध चालला होता टायरसाठी हलक्या तंतूचा. त्यांच्या भांड्यात एक गढूळ, पाण्यासारखं पातळ द्रावण तयार झालं. एरवी असलं द्रावण ओतून देतात. तंतू काढणाऱ्या मशीनवरच्या माणसालाही ते घालायला धजवेना, भोकं बुजतील म्हणून. बाईंनी हट्ट धरला. त्यांच्या आई शिवणकाम करायच्या आणि लहानपणी त्यांनाही कपड्यांचंच वेड होतं. शिवणकामातल्या आपल्या लोकांना ही गोष्ट ठाऊक असावी असं मला वाटतं.

काडी लावल्याशिवाय पैसे देऊ नका

पिवळा रंग म्हणजे केव्हलार नव्हे. पिवळा रंगवलेला पॉलिएस्टरही कोनवर, म्हणजे दोऱ्याच्या शंकूसारख्या रिळावर, तसाच दिसतो आणि विकणाऱ्यालाही कधीकधी फरक माहीत नसतो. मी कोन घेण्याआधी हातभर तुकडा मागतो आणि बाहेर येऊन जाळून बघतो.

तुकडा चिमट्यात धरा, बोटांत नको. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. खाली पाण्याची वाटी ठेवा. ज्योत बाजूने हळू जवळ न्या. नायलॉन आणि पॉलिएस्टर ज्योतीला भिऊन आक्रसतात, मग वितळून टोकाला कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा धूर काळा निघतो. सुती दोरा भरकन पेटतो, जळत्या कागदाचा वास येतो आणि फुंकली की उडणारी राख उरते. अरॅमिड आक्रसून थेंब होत नाही. ज्योतीत लाल होतो, करपतो आणि ज्योत काढली की आपोआप विझतो. टोक बोटांत चुरडलं तर काळी भुकटी होते. मणी सापडला तर कोन परत द्या.

या परीक्षेतून केव्हलार की नोमेक्स हे नक्की कळत नाही. ते ओढून बघा. नोमेक्स थोडा लांबतो, केव्हलार तारेसारखा ताठ राहतो.

कोनवरचे आकडे

टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. टेक्स 70 म्हणजे हजार मीटर दोरा सत्तर ग्रॅम. आकडा मोठा तर दोरा जाड, सरळ हिशेब. तिकीट नंबर उलटा चालतो, मोठा आकडा म्हणजे बारीक दोरा. सिंथेटिक दोऱ्यात 3,000 ला टेक्सने भागलं की साधारण तिकीट नंबर मिळतो. टेक्स 70 ला 43 येतात, बाजारात त्याला 40 नंबर म्हणतात. टेक्स 135 म्हणजे 20 नंबर. डेनियर लिहिलेलं असेल तर ते नऊ हजार मीटरचं वजन, नऊने भागा की टेक्स.

एप्रन आणि ग्लोव्हजसाठी टेक्स 70 ते 90 पुरतो. जाड स्प्लिट लेदरच्या, म्हणजे चामड्याच्या आतल्या खरखरीत थराच्या, चार थरांना टेक्स 135. नवखे लोक सगळ्यांत जाड दोरा उचलतात, मीही उचलायचो. जाड दोऱ्याला जाड सुई लागते, जाड सुई मोठं भोक पाडते आणि चामडं भोकांच्या रांगेवरून फाटतं.

ताकदीचा ढोबळ हिशेब असा: एका इंचातले टाके गुणिले दोऱ्याची ताकद गुणिले दीड. दोरा आठ किलोला तुटतो आणि इंचात सहा टाके आहेत, तर लॉकस्टिच, म्हणजे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकणारी, शिवण इंचामागे सुमारे 72 किलो ओढ घेईल. ही ओढ चामड्याच्या ताकदीपेक्षा किंचित कमीच असू द्या. शिवण उसवली तर पुन्हा मारता येते. चामडं फाटलं तर ठिगळ लावावं लागतं, आणि वेल्डरच्या छातीवर ठिगळ कुणी मागत नाही.

अरॅमिड दोऱ्यात अजून एक निवड असते. स्पन दोरा आखूड तंतू कातून केलेला असतो. त्याला लव असते, तो मऊ असतो आणि टाका नीट धरतो. फिलामेंट दोरा अखंड तंतूंचा. जास्त मजबूत, गुळगुळीत आणि मशीनवर हट्टी. पहिला कोन स्पनचाच घ्या.

पीळही बघा. दोरा उभा धरला की पिळाची रेघ इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखी कलती दिसायला हवी. नेहमीचं लॉकस्टिच मशीन उलट्या पिळाचा दोरा शिवता शिवता उकलत नेतं. मग दोष टेन्शनचा, म्हणजे मशीनमधल्या दोऱ्याच्या ताणाचा, वाटतो आणि माणूस दिवसभर स्क्रू फिरवत बसतो.

सुई आणि मशीन

घरगुती मशीनवर टेक्स 40 पर्यंत आणि पातळ कापडावर प्रयोग करून बघा, त्यापुढे नको. चामड्याला अंब्रेला मशीन (जाड कामाचं शिलाई मशीन) किंवा वॉकिंग फूटचं मशीन हवं, ज्याचा पाय वरचा थरही सोबत ओढतो. नाहीतर वरचा तुकडा मागे राहतो आणि शेवटी दोन बोटं जास्तीचं चामडं हातात उरतं.

टेक्स 40 ला 14 किंवा 16 नंबरची सुई, टेक्स 70 ला 18, टेक्स 90 ला 20, टेक्स 135 ला 22. हा सुरुवातीचा अंदाज, खरी परीक्षा हाताने करा. सुई मशीनमधून काढा, नेढ्यातून फूटभर दोरा ओवा, दोन्ही टोकं ताणून दोरा तिरपा धरा. सुई स्वतःच्या वजनाने हळूहळू घसरली पाहिजे. अडकली तर नेढं लहान, धपकन खाली आली तर मोठं. अरॅमिडला मी बहुतेक वेळा एक नंबर वरची सुई घेतो.

चामड्याला लेदर पॉइंटची, म्हणजे पात्यासारख्या टोकाची सुई. पण अरॅमिडच्या किंवा काचतंतूच्या विणलेल्या कापडाला ही सुई कधीच लावू नका, ती आतले धागे कापत जाते. तिथे गोल टोकाची.

वेगाचं एक वेगळंच प्रकरण आहे. जाड थरांतून जोरात चालणारी सुई घासून तापते, कारखान्याच्या वेगाला ती दोनशे अंशांच्याही वर जाते. नायलॉनचा दोरा अशा वेळी शिवतानाच नेढ्यापाशी वितळून तुटतो. अरॅमिड त्याने वितळत नाही, पण ताठ असल्यामुळे जोरात चालवला की टाके उडतात. दोन्ही दोऱ्यांना औषध एकच, पाय हलका ठेवा.

शिवायला बसल्यावर

कोन स्टँडवर उभा ठेवा आणि वरचा हूक बरोबर त्याच्या डोक्यावर येऊ द्या. फिलामेंट दोरा घसरून कोनच्या बुडाशी गुंतत असेल तर कोनला जाळी चढवा. बॉबिन हळू भरा, काठोकाठ नको. बॉबिनमध्येही अरॅमिडच घाला. वर केव्हलार आणि खाली जुना नायलॉन संपवायचा, हा मोह मला झाला होता. शिवणीची एक बाजू वितळली की दुसरी कशाला धरून राहणार?

ओवताना टोक तिरपं कापा. पिसारलं तर टोकापुरतं मेण लावा, पण अख्खा दोरा मेणातून ओढू नका. मेण जळतं, आणि आपण तर ठिणगीशी लढायला निघालोय. कात्री धारदार आणि या दोऱ्यासाठी वेगळी ठेवा. बोथट कात्रीत केव्हलार कापला न जाता चघळला जातो. आणि दोरा बोटाला गुंडाळून झटका देऊन तोडायची आपली शिंप्यांची सवय इथे विसरा. दोरा तुटत नाही, बोट कापतं.

टेन्शन सैल ठेवून सुरुवात करा आणि पाव-पाव फेरा आवळत जा. नायलॉन ताणला जातो आणि तुमच्या चुका पोटात घालतो. अरॅमिड ताणत नाही, जेवढं आवळाल तेवढंच आवळलेलं राहतं. जास्त झालं तर मऊ चामड्यात तो तारेसारखा रुततो. ज्या थरांची वस्तू आहे त्याच थरांच्या कातरणीवर वीतभर शिवून बघा, मग मधोमध कापून आतली गाठ बघा. वरच्या आणि खालच्या दोऱ्याचा विळखा थरांच्या मध्ये दडलेला हवा. टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा. बारीक टाके घातले की चामड्याची टपाल तिकिटासारखी कड होते आणि त्याच रेघेवर फाटते.

आता शेवटची टोकं. रेक्झिनवाले आम्ही सगळे काम संपलं की लायटर काढतो, टोक वितळवून बसवतो. अरॅमिडला लायटर लावाल तर टोक फक्त काळं होईल, बसणार काही नाही. त्याऐवजी त्याच भोकांतून तीन-चार टाके उलटे मारा आणि सेंटिमीटरभर शेपूट ठेवा. दिसायला चांगलं हवं असेल तर दोन्ही टोकं आतल्या बाजूला ओढून दुहेरी वेढ्याची गाठ मारा, साधी गाठ फिलामेंट दोऱ्यात घसरते.

टाका लपवा

खरं कसब इथे आहे. दोरा कितीही भारी असला तरी ठिणगीच्या वाटेत उघडा ठेवायचा नाही.

एक जुना वेल्डिंग ग्लोव्ह घेऊन उसवून बघा. चांगला असेल तर दोन तुकड्यांच्या मध्ये चामड्याची अरुंद पट्टी सापडेल, तिला वेल्ट म्हणतात. ग्लोव्ह उलटा शिवतात, वेल्ट मध्ये ठेवून, आणि मग सुलटा करतात. टाका आत जातो आणि बाहेर फक्त पट्टीची कड दिसते. ठिणगी त्या कडेवर आपटते. पट्टी झिजेपर्यंत दोऱ्याला कुणी बघतही नाही. निदान अंगठ्याच्या बेचक्यात तरी वेल्ट घालाच, तिथे ओढही जास्त आणि घासही जास्त. उलटा ग्लोव्ह सुलटा करताना बोटांची टोकं लाकडी दांडीने ढकला, कात्रीने नको. हे मी कसं शिकलो ते विचारू नका.

एप्रनला वरून शिवलेला खिसा शक्यतो नकोच. गिऱ्हाइकाला हवाच असेल तर झाकण घाला, कारण उघड्या खिशात ठिणग्या जमतात. वर तोंड करून असलेली प्रत्येक दुमड अशीच ठिणग्यांची वाटी होते, म्हणून दुमड आतल्या बाजूला घ्या. गळ्याचा पट्टा जिथे जोडतो तिथे टाक्यांचा चौकोन आणि मध्ये फुली मारा, आणि वरून चामड्याचा छोटा तुकडा. माझ्या परत आलेल्या एप्रनमध्ये नेमका हा तुकडा नव्हता. त्यानंतरची सगळी अरॅमिडने आणि झाकून शिवली. आता परत येतात ती चामडं कडक होऊन चिरलं म्हणून.

पिवळ्या दोऱ्याचं दुखणं

केव्हलारवर विश्वास बसल्यावर मी दुसरी चूक केली. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ताडपत्री छताला उरलेला केव्हलार घातला, कौतुकाने, जास्त पैसे न घेता. पावसाळ्याआधी छत परत आलं. उन्हाकडच्या बाजूचा दोरा पिवळ्याचा तपकिरी झाला होता आणि नखाने तुटत होता. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण अरॅमिडला खातात. आगीसमोर छाती काढून उभा राहणारा हा गडी सावलीतला पहिलवान आहे.

उघड्यावरच्या कामाला, म्हणजे ताडपत्री, रिक्षाचं हूड, गॅलरीचे पडदे यांना यूव्ही प्रक्रिया केलेला बॉन्डेड पॉलिएस्टर घ्या. नायलॉनही उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर हरतो. वर्षानुवर्षं उन्हात राहणाऱ्या महागड्या कामाला पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोरा मिळतो. त्याला ऊन काही करत नाही, पण ताकदीला तो पॉलिएस्टरपेक्षा मवाळ आणि किमतीला कडक.

अरॅमिडचा कोन दुकानाच्या काचेत शोभेला ठेवू नका. काळ्या पिशवीत, कपाटात ठेवा. या दोऱ्याने शिवलेलं कापड धुवायला देताना गिऱ्हाइकाला ब्लीच टाकू नका म्हणून बजावून सांगा, क्लोरीनने दोरा कुजतो.

पहिली खरेदी मोठी करू नका. स्पन अरॅमिड, टेक्स 70, सर्वांत लहान कोन, 18 नंबरच्या पाच सुया आणि चामड्याच्या कातरणीची पिशवी. कातरण चपलावाल्यांकडे किलोवर मिळते. पहिला ग्लोव्ह डाव्या हाताचा शिवा. वेल्डर गन धरतात उजव्या हातात आणि ठिणग्यांच्या जवळ बहुतेकदा डावा हात असतो, त्यामुळे डावा ग्लोव्ह आधी फाटतो. एकटा डावा विकतही जातो.